वेळापत्रक बदललं की शरीर बदलतं

जूनचा पाऊस आंबोलीत किंवा कोयनेच्या खोऱ्यात स्थिरावला की डबक्याडबक्यांत बेडूकमासे वळवळू लागतात. लांब शेपटी, श्वासाला कल्ले, गोल पोट आणि दगडावरचं शेवाळ खरवडणारं चिमुकलं तोंड. काही आठवड्यांनी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. शेपटी आक्रसत जाते आणि एक दिवस बेडूक पाण्याबाहेर येतो. शाळेच्या वहीत हे चित्र सगळ्यांनीच काढलेलं असतं, त्यामुळे बेडूक म्हटला की हे असंच होणार, असं आपण धरून चालतो.

त्याच पावसात जवळच्या झुडपांत मात्र वेगळंच चाललेलं असतं. सह्याद्रीतले झुडपी बेडूक जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचे. 'राऑर्केस्टिस' हे त्यांच्या कुळाचं नाव २०१० साली बेडकांचे जुने अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ ठेवलं गेलं. यांची मादी पाण्यात अंडी घालत नाही. ओल्या पानांवर किंवा पालापाचोळ्यात ती मोजकीच पण मोठी अंडी घालते. अंड्यावरचं आवरण पारदर्शक असतं. तीन-चार आठवड्यांचं अंडं भिंगाखाली धरलं तर आत पाय दुमडून बसलेला, बोटं स्पष्ट दिसणारा, मोठ्या काळ्या डोळ्यांचा पुरता बेडूकच दिसतो. तो बाहेर पडतो तेव्हा एखाद्या मुगाच्या दाण्यात मावेल एवढा असतो, पण असतो बेडूकच. बेडूकमाशाची अवस्था त्याच्या आयुष्यात मोकळ्या पाण्यात येतच नाही.

फायदा उघड आहे. डबकं लवकर आटेल, मासे किंवा चतुराच्या अळ्या पिल्लं खातील, ही भीती राहिली नाही. त्याची किंमतही आहे. अंड्यातच सगळं शरीर उभं करायचं तर बलक भरपूर लागतो, म्हणून अंडी थोडीच. पण मला इथे फायद्यातोट्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. या बेडकाने नवीन अवयव काढलेला नाही. पाय तेच, डोळे तेच. बदललं आहे ते कोणती गोष्ट कधी घडायची, हे.

हे नेमकं कसं बदलतं, याचा सर्वांत बारीक अभ्यास झाला तो पोर्तो रिकोच्या कोकी बेडकावर. तोही अंड्यातून थेट बेडूक होऊन निघणारा. नेहमीच्या बेडकात पायांचे अंकुर बेडूकमासा बराच मोठा झाल्यावर दिसतात. कोकीच्या भ्रूणात मज्जारज्जूची नळी मिटते न मिटते तोच पायांचे अंकुर उगवतात. तोंडाभोवतीचे बेडूकमाशाचे खास भाग, शेवाळ खरवडायचे दात, हे मात्र गाळलेले असतात. शेपटी राहते, पण पोहायला नाही. तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि अंड्यातल्या श्वसनाला ती उपयोगी पडते. काही घटना अलीकडे आणल्या, काही वगळल्या आणि जे उरलं त्याला दुसरं काम दिलं.

विकासाच्या वेळापत्रकातल्या अशा बदलांना जीवशास्त्रात 'हेटरोक्रोनी' म्हणतात. पूर्वजाच्या तुलनेत वंशजात एखादा भाग लवकर किंवा उशिरा सुरू होतो, भरभर किंवा संथ वाढतो, लवकर किंवा उशिरा थांबतो. सुरुवात, वेग आणि शेवट, एवढ्या तीनच किल्ल्या. पण शरीराच्या प्रत्येक भागाला त्या वेगवेगळ्या लागू होऊ शकतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. पंगतीच्या स्वयंपाकात प्रत्येक चूल वेगळी असते. भाताची चूल लवकर पेटवली म्हणून वरणाची पेटतेच असं नाही. भ्रूणातही पाय, कवटी, मेंदू आणि जननेंद्रियं यांच्या वेळा बऱ्याच अंशी सुट्या असतात. त्या एकमेकींपासून सरकल्या की शरीराचा घाट बदलतो.

बेडकाच्या बाबतीत या वेळा कोण पाळतं, हे १९१२ मध्ये जे. एफ. गुडरनॅच यांच्या प्रयोगातून कळलं. त्यांनी बेडूकमाशांना वेगवेगळ्या अवयवांचे तुकडे खाऊ घातले. त्यात घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाल्लेले बेडूकमासे वेळेच्या कितीतरी आधी बेडूक झाले. वाढायला वेळच न मिळाल्यामुळे अगदी चिमुकले बेडूक. थायरॉइडचं संप्रेरक हा रूपांतराचा हुकूम आहे. तो लवकर सुटला तर रूपांतर लवकर, आणि रोखला तर बेडूकमासा वाढत राहतो पण बेडूक होत नाही. कोकीच्या अंड्यावरही २००० साली हे तपासलं गेलं. थायरॉइड रोखणारं औषध दिल्यावर त्याच्या भ्रूणाची पुढची वाढ अडली, आणि संप्रेरक परत दिल्यावर ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे रूपांतर अंड्याच्या आत उरकलेलं होतं, रद्द झालेलं नव्हतं.

आता उलट टोकाला जाऊ. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को नावाचं जुन्या सरोवराचं, आता कालव्यांपुरतं उरलेलं पाणी आहे. तिथला अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलमँडर, म्हणजे बेडकांचा शेपटीवाला, पालीसारखा दिसणारा नातेवाईक. त्याच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना तुऱ्यांसारखे कल्ले असतात, शेपटीला पोहण्याचा पडदा असतो. हे सगळं सॅलमँडरच्या अळीचं रूप. तरीही तो याच रूपात प्रौढ होतो, जोडी जमवतो, अंडी घालतो आणि याच रूपात मरतो. जर्मन शोधप्रवासी हंबोल्टने युरोपात नेलेले नमुने पाहून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएला वाटलं होतं की ही कुठल्यातरी मोठ्या प्राण्याची अळी असावी. पण मोठा प्राणी कधी कुणाला सापडेना.

१८६४ मध्ये पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात ऑग्युस्त द्युमेरिल यांच्याकडे सहा जिवंत अ‍ॅक्सोलॉटल आले. पुढच्या वर्षी त्यांची वीण झाली. पिल्लं वाढली, आणि त्यातल्या काहींचे कल्ले झडले, पडदा गेला, कातडीचा रंग बदलला. टाकीत जमिनीवर राहणारे सॅलमँडर दिसू लागले. आईबापांनी कधीच न पाहिलेलं प्रौढ रूप मुलांनी घेतलं होतं. द्युमेरिल चक्रावले यात नवल नाही. १९२० मध्ये ज्युलियन हक्सली यांनी अ‍ॅक्सोलॉटलना बैलाची थायरॉइड खाऊ घातली, आणि त्यांनीही कल्ले टाकून दिले.

यातून काय निघालं ते नीट पाहा. अ‍ॅक्सोलॉटलकडे जमिनीवरचं शरीर बनवण्याची सगळी सामग्री आहे. पेशी संप्रेरक ओळखतात, ते मिळालं तर बदलतात. पण त्याच्या शरीरात हा हुकूम पुरेशा जोराने सुटतच नाही. जननेंद्रियं मात्र आपल्या वेळेवर पिकतात. शरीर अळीचं, वय प्रौढाचं. १९९७ मध्ये रँडल व्हॉस आणि ब्रॅडली शॅफर यांनी अ‍ॅक्सोलॉटल आणि रूपांतर होणारा त्याचा भाऊबंद टायगर सॅलमँडर यांचा संकर करून दाखवलं की या फरकाचा मोठा हिस्सा जनुकसंचातल्या एका जागेकडे जातो. इतका मोठा शारीरिक फरक, आणि मुळाशी एवढीशी जागा.

याच कुळातल्या काही जातींमध्ये तर निर्णय परिस्थितीवर सोडलेला असतो. उत्तर अमेरिकेतल्या मोल सॅलमँडरचं तळं भरलेलं राहिलं तर बरीच पिल्लं पाण्यातच अळीरूपात प्रौढ होतात. तळं आटू लागलं तर कल्ले टाकून बाहेर पडतात. कायम पाणी असलेल्या सरोवरात अ‍ॅक्सोलॉटलच्या पूर्वजांना बाहेर पडायची गरज उरली नसावी, हा तर्क त्यामुळे पटतो. त्या भरवशाच्या पाण्याची आज दैना झाली आहे. सोचिमिल्कोत १९९८ मध्ये चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० अ‍ॅक्सोलॉटल असल्याचा अंदाज होता, २०१४ च्या पाहणीत तो ४० च्याही खाली आला. जगभरच्या प्रयोगशाळांत आणि काचेच्या टाक्यांत तो भरपूर आहे. घरात मात्र संपत चालला आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वाढ लवकर थांबवण्याचा आणखी एक छोटा नमुना मध्य अमेरिकेतल्या झाडांवर आहे. बोलिटोग्लोसा कुळातल्या काही बुटक्या सॅलमँडरांची बोटं सुटी होण्याआधीच पावलाची वाढ थांबते. पाऊल पडद्याने जोडलेलं, गादीसारखं राहतं आणि गुळगुळीत पानावर धरून राहायला सोयीचं ठरतं. पेरे अल्बर्च यांनी १९८१ मध्ये हे मांडलं. अर्धवट राहिलेलं पाऊलच तिथे कामाचं ठरलं.

आता सापाकडे वळू, कारण तिथे घड्याळ शब्दशः दिसतं. कणा असलेल्या प्रत्येक प्राण्याच्या भ्रूणात पाठीच्या बाजूने पेशींचे ठोकळे एकामागून एक तयार होतात. त्यांपासून पुढे मणके, बरगड्या, पाठीचे स्नायू बनतात. हे ठोकळे ठरावीक तालात पडतात. भ्रूणाच्या शेपटीकडच्या पेशींत काही जनुकं चालू होतात, बंद होतात, पुन्हा चालू होतात, आणि प्रत्येक फेऱ्याला एक ठोकळा कापला जातो. झेब्राफिश माशात अर्ध्या तासाला एक, कोंबडीत दीड तासाला, उंदरात दोन तासांना, माणसात सुमारे पाच तासांना. कच्चा माल संपला की काम थांबतं.

उंदरात असे सुमारे ६५ ठोकळे होतात, कॉर्न स्नेक नावाच्या सापात ३०० च्या वर. हे कसं, याचं उत्तर सेलीन गोमेझ, ऑलिव्हिए पूरक्ये आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दिलं. तासांत मोजलं तर सापाचं घड्याळ उंदराच्या जवळपासच आहे. पण सापाच्या भ्रूणाची एकूण वाढ संथ आहे. त्या संथ वाढीच्या मानाने घड्याळाचे ठोके सुमारे चौपट वेगाने पडतात. त्यामुळे ठोकळे बारीक पडतात आणि खूप पडतात. लांबलचक साप हा अशा दोन वेगांमधल्या फरकातून जन्माला आला. जिराफाची मान लांब झाली ती वेगळ्या वाटेने. त्याच्या मानेत आपल्याइतकेच सात मणके आहेत, फक्त ते वाढत राहतात. लांब व्हायचं म्हटलं तरी वेळापत्रकात बोट घालायच्या जागा अनेक आहेत.

पक्ष्यांची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. डायनासोरची पिल्लं मोठ्या डोळ्यांची, आखूड तोंडाची, फुगीर कवटीची होती. वाढताना त्यांचं थोबाड लांब होई, कवटी चपटी. २०१२ मध्ये भार्त-अंजन भुल्लर, अरखत अब्झानोव्ह आणि सहकाऱ्यांनी डायनासोर, मगरी, जुने आणि आजचे पक्षी यांच्या कवट्यांचे आकार मोजून तुलना केली. निघालं असं की प्रौढ पक्ष्याची कवटी डायनासोरच्या पिल्लाच्या कवटीशी जुळते. अंगणातली चिमणी घ्या. गोल डोकं, मोठे डोळे. पूर्वजांचं बालपण तिच्या चेहऱ्यावर कायमचं राहिलं आहे. पण तिची चोच मात्र त्याच्या उलट वाटेने गेली. वरच्या जबड्याच्या टोकाचं हाड पूर्वजांपेक्षा पुढे, अधिक वाढलेलं. एकाच डोक्यात एक भाग लवकर थांबलेला आणि दुसरा पुढे निघून गेलेला. म्हणून 'अमुक प्राणी बालरूपात राहिला' अशी सरसकट वाक्यं मला खटकतात. कुठला भाग, कोणाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

कांगारू तर जन्मतःच हे दाखवतो. लाल कांगारूचं पिल्लू सुमारे ३३ दिवसांत जन्मतं, वजन एक ग्रॅमपेक्षाही कमी. डोळे मिटलेले, मागचे पाय नुसते कोंब. पण पुढचे पाय, खांदे आणि तोंड तयार. कारण त्याला आईच्या अंगावरचे केस धरत स्वतः पिशवीपर्यंत चढायचं आहे आणि स्तनाग्र पकडायचं आहे. पुढे याच प्राण्याचे मागचे पाय आडदांड होतात. पुढचे पाय घाईने तयार करावे लागतात, म्हणून पिशवीवाल्या प्राण्यांत त्यांचे पंख किंवा वल्ही झालेली दिसत नाहीत, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. पिशवीवाली वटवाघळं नाहीत, पिशवीवाले देवमासेही नाहीत. वेळापत्रक काही दारं उघडतं, तशी काही बंदही करतं.

या विचाराचा इतिहास मात्र सगळा स्वच्छ नाही. १८६६ मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी नियम मांडला की भ्रूण वाढताना पूर्वजांच्या प्रौढ रूपांची उजळणी करतो. 'हेटरोक्रोनी' हा शब्दही त्यांचाच, १८७५ चा. पण त्यांच्या लेखी तो नियमातला बिघाड होता. अ‍ॅक्सोलॉटलसारखे प्राणी या नियमात बसेनात, आणि १९३० मध्ये गॅव्हिन डी बीअर यांनी बाजू उलटवली. वेळेतले बदल अपवाद नाहीत, उत्क्रांतीचं ते नेहमीचं काम आहे. १९७७ मध्ये स्टीफन जे गूल्ड यांनी या विषयाला पुन्हा मध्यभागी आणलं.

मधल्या काळात या कल्पनेने माणसांचं नुकसान केलं. हेकेलच्या नियमाचा आधार घेऊन युरोपातले लोक म्हणत की इतर वंशांची प्रौढ माणसं गोऱ्यांच्या मुलांसारखी, म्हणून मागासलेली. पुढे १९२६ मध्ये लुई बोल्क यांनी माणूस म्हणजे वानराचं टिकून राहिलेलं भ्रूणरूप, असं मांडलं. या हिशेबात मुलासारखं असणं हीच प्रगती ठरायला हवी होती आणि उतरंड उलटी व्हायला हवी होती. झालं नाही. बोल्क यांनी गोऱ्यांनाच अधिक बालरूपी ठरवलं. पुरावा फिरला तरी निष्कर्ष जागचा हलला नाही. हा विषय समजावून सांगताना हे वगळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

मग माणसाबद्दल खरं काय? चिंपँझीच्या पिल्लाचं डोकं आपल्या डोक्याशी जास्त जुळतं, हे डोळ्यांना दिसतं. सपाट चेहरा, गोल कपाळ. पण आपले लांब पाय, पसरट कंबर, पुढे आलेलं नाक यांत बालपणाचं काही नाही. मेंदूच्या बाबतीत तर 'थांबलं' यापेक्षा 'लांबलं' हे जास्त खरं आहे. जन्माच्या वेळी चिंपँझीचा मेंदू प्रौढ आकाराच्या सुमारे ४० टक्के असतो, माणसाचा सुमारे ३० टक्के. उरलेला मोठा हिस्सा आपण जन्मानंतर वाढवतो. २०१२ च्या एका अभ्यासात मेंदूच्या पुढच्या भागातल्या, चेतापेशींच्या जोडण्या घडवणाऱ्या जनुकांचं काम तपासलं गेलं. चिंपँझीत आणि ऱ्हीसस माकडात त्यांचा जोर पहिल्या वर्षाच्या आतच शिगेला पोहोचतो, माणसात तो पाच वर्षांपर्यंत लांबतो. म्हणजे मूल बोलायला शिकतं, भांडतं, प्रश्न विचारून हैराण करतं, त्या काळात त्याच्या मेंदूत हे बांधकाम भरात असतं.

'संथ' हे झालं वर्णन. संथ का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत पेशींपर्यंत पोहोचला आहे. २०२० मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत जेम्स ब्रिस्को यांच्या गटाने उंदराच्या आणि माणसाच्या मूळपेशींपासून, म्हणजे कुठल्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या पेशींपासून, एकाच प्रकारच्या चेतापेशी बशीत वाढवल्या. क्रम तोच, जनुकं तीच, पण माणसाच्या पेशींना सुमारे अडीचपट वेळ लागला. आईचं पोट नाही, शेजारचे अवयव नाहीत, तरी पेशी आपल्या जातीच्या चालीनेच चालल्या. त्याच सुमारास कणा पाडणाऱ्या घड्याळावर काम करणाऱ्या मिकी एबिसुया यांच्या गटाने त्या घड्याळातलं एक कळीचं मानवी जनुक उंदराच्या पेशीत घातलं. ते उंदराच्याच वेगाने चालू लागलं. वेग जनुकाच्या मजकुरात नव्हता. भोवतालच्या पेशीत प्रथिनं किती भरभर बनतात आणि मोडतात, यावर तो ठरत होता.

त्यामागे काय, यावर आत्ता जोरात वाद आहे. २०२३ मध्ये पिएर व्हँडरहेगन यांच्या गटाने माणसाच्या चेतापेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांचं काम वाढवलं आणि त्या पेशी नेहमीपेक्षा लवकर पिकल्या. म्हणजे पेशीचा ऊर्जेचा कारखाना गती ठरवतो, असं दिसतं. त्याच वर्षी एबिसुया यांच्या गटाने उंदीर, ससा, गाय, गेंडा, मार्मोसेट माकड आणि माणूस अशा सहा जातींच्या पेशींत कण्याचं घड्याळ मोजलं. तिथे ऊर्जेच्या खर्चाशी वेगाचा तसा मेळ बसला नाही. शरीराच्या आकाराशीही नाही. तळहातावर मावणाऱ्या मार्मोसेटचं घड्याळ गेंड्याच्या घड्याळापेक्षा संथ निघालं. मेळ बसला तो प्रत्येक जातीचा भ्रूण घडायला किती दिवस लागतात याच्याशी, आणि पेशीतल्या रासायनिक क्रियांच्या वेगाशी.